कोलिस्टिन की सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम?
मुलांच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) क्लेब्सिएला हा जंतू वाढला आणि रिपोर्टवर मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकसमोरही 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालणार नाही) आला, की हाताशी मोजकीच औषधं उरतात. त्यातली ही दोन अँटिबायोटिक्स.

कोलिस्टिन जुनं, 1940च्या दशकातलं. किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं. दुसरं काही चालेना तेव्हा परत आलं. ते स्वस्त आहे. पण शिरेतून दिलं तर फुप्फुसात नीट पोचत नाही, लहान मुलांत डोस बसवणं अवघड, क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) सतत लक्ष ठेवावं लागतं. जंतूवर औषध चालतं का हे पाहणारी नेहमीची डिस्क टेस्टही त्याच्या बाबतीत भरवशाची नाही.

सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम किडनीला बरंच सुसह्य. अमेरिकेत 2019 मध्ये ते तीन महिन्यांपुढच्या मुलांसाठी मंजूर झालं, तेही ठरावीक संसर्गांपुरतं. किंमत मात्र घर हलवणारी. शिवाय भारतात एनडीएम हे जंतूंचं, अँटिबायोटिक निकामी करणारं एन्झाइम सर्रास आढळतं, आणि त्यापुढे हे औषध एकटं चालत नाही. जोडीला अॅझट्रिओनाम हे आणखी एक अँटिबायोटिक लागतं. ओएक्सए-48 हे तसलंच दुसरं एन्झाइम असेल तर सहसा एकटंही पुरतं.

म्हणून मी कौल दुसऱ्याला देईन, पण एन्झाइम कोणतं हे तपासूनच. कोलिस्टिन शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवावं. पालकांनीही "कल्चरमध्ये नेमकं काय आलं?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारावं.