बॅच फाईलमधले %डेट%: फुकट, झटपट, पण शेड्यूलरवर बेभरवशाचे

चादर-टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतले दुकान, टॅलीचा रोजचा बॅकअप तारखेच्या फोल्डरमध्ये टाकायला सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. बॅच फाईल, म्हणजे कमांड ओळीने लिहिलेली साधी फाईल, पुरते. तिच्यासाठी विंडोजमध्ये %डेट% (टाइप करताना date, आकडेही इंग्रजीत) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे आजची तारीख देणारे तयार नाव, आयतेच मिळते.

भारतीय सेटिंगवर ते ०५-०७-२०२५ असे येते. ~ नंतर सुरुवातीची जागा आणि किती अक्षरे ते देऊन तुकडा कापायचा; मोजणी शून्यापासून, उणे म्हणजे शेवटून: %डेट:~-४% वर्ष, %डेट:~३,२% महिना, %डेट:~०,२% दिवस. याच क्रमाने जोडले की २०२५०७०५. फोल्डर आपोआप ओळीने लागतात. इथवर पैकीच्या पैकी गुण.

खोट आहे ती तारखेच्या साच्यात. तो विंडोजचा नसतो, लॉगिन केलेल्या युजरच्या रीजन सेटिंगमधल्या शॉर्ट डेटचा असतो. दिवसा डबल क्लिक करून फाईल नीट चालते. तीच रात्री टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) विंडोजच्या स्वतःच्या सिस्टीम अकाउंटखाली लावली की साचा बहुधा अमेरिकी होतो: ‘सॅट ०७/०५/२०२५’, वार रोमन तीन अक्षरांत. मग वर्ष बरोबर निघते, महिन्याच्या जागी रिकामी जागा नि शून्य, दिवसाच्या जागी वाराची दोन अक्षरे. एररही येत नाही. जानेवारी ते सप्टेंबर दर शनिवारी तेच नाव तयार होते आणि जुन्या बॅकअपवर नवा बसतो. हे कळते ते डेटा परत हवा असतो तेव्हाच.

नावात वेळही हवी म्हणून %टाइम% वापरणार असाल तर सकाळी दहाच्या आत तासापुढे स्पेस येते; %टाइम: =०% लिहून ती भरा. कोलन फाईलच्या नावात चालत नाही, तोही काढा. स्वतःच्या व्हेरिएबलला डेट हे नाव कधीच देऊ नका, त्या कमांड विंडोत खरी तारीख झाकली जाते. आकडेमोडीच्या सेट /ए कमांडला ०८ किंवा ०९ दिले तर ती आकडा ऑक्टल, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक असलेला, समजून अडते. आकड्याच्या सुरुवातीला आधी १ चिकटवा, मग १०० वजा करा.

तारखेसाठी विमिक या विंडोजच्या जुन्या कमांडचा उपाय आता नको; विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात बसवलेली नसते. त्यापेक्षा फॉर /एफ मधून (दुसऱ्या कमांडचे उत्तर व्हेरिएबलमध्ये घेणारी बॅच कमांड) पॉवरशेल या विंडोजमधल्याच कमांड साधनाचे गेट-डेट बोलवा, फॉरमॅटला चार वाय, दोन एम, दोन डी. उघडायला क्षणभर लागतो, पण रीजन भारतीय असो की अमेरिकी, उत्तर तेच. एम मात्र कॅपिटल हवेत. स्मॉल लिहिलेत तर महिन्याऐवजी मिनिटे येतात. बॅच फाईलमध्ये फॉरच्या व्हेरिएबलला टक्क्याची खूण दोनदा.

एकाच मशीनवर हाताने चालवायला %डेट% पुरे. रात्रीच्या शेड्यूलला पॉवरशेलच.