आर ३२ की मेगोला? म्युनिकच्या दोन गाड्या

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विमानाची इंजिनं बनवायला बंदी आली आणि ते ज्ञान मोटारसायकलीत उतरलं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना बीएमडब्ल्यूची आर ३२ आणि मेगोला या दोन्ही मोटारसायकली खुणावतात.

चालवणं: मेगोलाच्या पुढच्या चाकातच पाच सिलिंडरचं, ६४० सीसीचं, स्वतःच गोल फिरणारं इंजिन. क्लच नाही, गिअर नाही. थांबलात की इंजिन बंद. मग ढकला, नाहीतर स्टँडवर चाक फिरवा. असं इंजिन विमानात चाललं, चौकात कसं चालणार! बीएमडब्ल्यूचा अभियंता माक्स फ्रित्सच्या आर ३२ ला (१९२३) तीन गिअर.

देखभाल: आर ३२ चे आडवे सिलिंडर वाऱ्यात थंड राहतात, मागचं चाक शाफ्टनं (फिरत्या दांड्यानं) चालतं, म्हणून साखळीची कटकट नाही. पण सुरुवातीच्या गाड्यांना पुढचा ब्रेकच नव्हता. मेगोलात पंक्चरसाठी चाक काढावं लागत नाही, ट्यूब कड्यासारखी जोडलेली नसून दोन टोकांची असते.

रस्त्यावर फिरायचं तर आर ३२. यंत्राचं नवल जपायचं तर मेगोला.