पूर्ण हायड्रोजनेटेड रेझिन: आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, रेझिन चांगलं आहे. मी ते नको त्या रबरात आणि नको त्या ग्रेडमध्ये घालत होतो, हे कळायला पाच महिने गेले.

माझं काम टेपच्या ॲडहेसिव्हचं. रबर टोल्युईनमध्ये विरघळवायचं, टॅकिफायर म्हणजे चिकटपणा वाढवणारं रेझिन घालायचं, फिल्मवर थर देऊन सुकवायचं. आधीचं रोझिन एस्टर उजेडात पिवळं पडायचं, म्हणून पूर्ण हायड्रोजनेट केलेलं, म्हणजे हायड्रोजन जोडलेलं, सी-९ रेझिन (पेट्रोलियमच्या साधारण नऊ कार्बनच्या घटकांपासून बनणारं) घेतलं. दोन ग्रेड: एकाचा सॉफ्टनिंग पॉइंट (रेझिन मऊ पडण्याचं तापमान) १०० अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा १४०.

शंभरवालं नैसर्गिक रबरात वजनाने निम्मं-निम्मं घातलं आणि थर काचेसारखा आला. बोट टेकवलं तर सोडेना. रंग तर आजही तसाच आहे. त्या खुशीत तेच रेझिन एसबीआरमध्ये, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाईनच्या कृत्रिम रबरात, घातलं, आणि थर सुकताच दुधाळ! टॅक, म्हणजे टेकवताच चिकटण्याचा गुण, जवळपास गायब. आधी सुकवण्याला दोष दिला, मग सॉल्व्हंटमधल्या ओलाव्याला. ड्रम बदलला, ओव्हनचं तापमान बदलून पाहिलं. दूध ते दूधच.

कारण साधं होतं. सी-९ रेझिन मुळात ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनच्या कड्या असलेलं, असतं. पूर्ण हायड्रोजनेशनमध्ये त्यातली बेंझीनची कडी सायक्लोहेक्झेनची होते. रंग आणि टिकाऊपणा सुधारतो, पण स्वभावच बदलतो. नैसर्गिक रबर म्हणजे पॉलिआयसोप्रीन, त्याच्याशी या नव्या स्वभावाचं जमतं. एसबीआरच्या नेहमीच्या ग्रेडमध्ये साधारण २३.५ टक्के स्टायरीन असतं, तिथे बिनसतं. न हायड्रोजनेट केलेल्या ॲरोमॅटिक रेझिनचं बरोबर उलट: एसबीआरमध्ये एकजीव, नैसर्गिक रबरात फटकून. पिशवीवरचा सॉफ्टनिंग पॉइंट दोघांचा सारखा असू शकतो, म्हणून त्या आकड्यावर कुणाचं कुणाशी जमेल हे ठरवू नका.

आता एकशेचाळीसवालं. कूळ तेच, मग नैसर्गिक रबरात काय अडचण येणार, असं वाटलं होतं. ओव्हनमधून काढताना थर स्वच्छ, थंड होता होता धूसर. पुन्हा गरम केला की स्वच्छ. एकाच कुळात सॉफ्टनिंग पॉइंट वाढतो तो मुख्यतः रेणुभार वाढल्याने, आणि इथे नडला तो रेणुभारच.

लहान रेणू मिसळताना एन्ट्रॉपीचा (विखुरण्याच्या ओढीचा) फायदा मिळतो, रेणू लांब झाले की तो आटतो. लांब साखळ्यांच्या मिश्रणासाठीच्या फ्लोरी-हगिन्सच्या सूत्रात दोन घटकांमधली नावड किती खपेल याची मर्यादा निघते. रबराची साखळी खूप लांब असेल तर ही मर्यादा रेझिनच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात जाते. म्हणजे रेझिनची लांबी दुप्पट झाली की सवलत जवळजवळ निम्मी. शंभरवालं त्या सवलतीत बसत होतं, एकशेचाळीसवालं नाही.

मग डोकं लढवलं: रेझिन आखूड करता येत नाही, तर रबर करू. रबर दोन रोलच्या मिलवर चांगलं कुटून साखळ्या तोडल्या. द्रावण पातळ झालं, थर देणं सोपं झालं, धूसरपणा मात्र होता तसाच. तेच सूत्र आधी नीट पाहिलं असतं तर एक दिवस वाचला असता. दोन हजार एककांची साखळी काय आणि दहा हजारांची काय, दहा-वीस एककांच्या रेझिनसमोर दोन्ही लांबच. उलट कुटलेल्या रबराने होल्डिंग पॉवर (भार धरून ठेवायची ताकद) घालवली ती वेगळीच.

सहाव्या महिन्यात शंभरवाल्याची एक बॅच किंचित ढगाळ आली. सर्टिफिकेटवर सॉफ्टनिंग पॉइंट आणि रंग, दोन्ही जागच्या जागी. पुरवठादाराचं उत्तर: ‘स्पेसिफिकेशनमध्ये आहे.’ जीपीसी (रेणू आकारानुसार वेगळे करून रेणुभार मोजणारी चाचणी) करून घेतली, तेव्हा सरासरी रेणुभार जवळपास तोच होता, पण जड रेणूंचं शेपूट लांबलं होतं. आधी वेगळे होतात ते हेच रेणू. तेव्हापासून मी ‘एमझेड’चा, म्हणजे जड रेणूंना जास्त महत्त्व देणाऱ्या सरासरी रेणुभाराचा, आकडा मागतो. कुरकुर होते, पण मिळतो.

थर पारदर्शक दिसला म्हणजे मिसळला असंही समजू नका. दोन्ही घटकांचा अपवर्तनांक जवळपास सारखा असेल तर वेगळे झालेले कणही दिसत नाहीत. जमलं तर डीएमए (तापमान बदलत थराचा कडकपणा मोजणारी चाचणी) करा. रेझिन खरंच मिसळलं असेल तर टॅन डेल्टाचं (थरात ऊर्जा किती जिरते याच्या मापाचं) शिखर एकच राहतं आणि वरच्या तापमानाकडे सरकतं, रबर मऊही होतं. मिसळलं नसेल तर रबराचं शिखर जागचं हलत नाही आणि रेझिन नुसतं फिलरसारखं पडून राहून थर कडक करतं. माझ्या दुधाळ एसबीआरचा टॅक गेला तो यामुळेच.

एसआयएस (स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन) रबराच्या हॉट मेल्टमध्ये, म्हणजे वितळवून लावायच्या ॲडहेसिव्हमध्ये, शंभरवालं उत्तम चाललं. ते आयसोप्रीनच्या मधल्या भागात जातं आणि स्टायरीनच्या टोकांना छेडत नाही. तक्रार शून्य.

सध्या नैसर्गिक रबराला शंभरवालं आणि एसबीआरला त्याच कुळातलं अर्धवट हायड्रोजनेट केलेलं, असं चालू आहे. एकशेचाळीसवाल्याच्या उरलेल्या पिशव्या शंभरवाल्यात थोड्या-थोड्या मिसळून संपवतोय. शंभर भाग रबराला दहा भागांपर्यंत थर थंड झाल्यावरही स्वच्छ राहतो. पंधरावर पुन्हा धुकं.