शाळेतलं पॅडचं मशीन: मशीन बरंय, बसवलं चुकीच्या जागी

आमच्या हायस्कूलमध्ये (सातारा जिल्हा, एवढंच सांगते) ग्रामपंचायतीच्या निधीतून सॅनिटरी पॅडचं व्हेंडिंग मशीन आणि सोबत वापरलेली पॅड जाळायचं छोटं मशीन आलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण अजून कोणी शाळावाले घ्यायच्या विचारात असतील तर हे आधी वाचा.

मशीन साधंय, भिंतीला लावायचं, पाचचं नाणं टाका, नॉब फिरवा, पॅड खाली. लाइट लागत नाही हे बेस्ट, कारण आमच्याकडे लाइटचा काही भरवसाच नाही. त्रास नाण्यांचा. पाचची नाणी किती तऱ्हेची, त्यात जुनं जाडं नाणं टाकलं की हमखास अडकतं, मग पोरगी मशीनवर थापा मारत उभी, आणि मशीन लावलेलं कुठे तर ऑफिसच्या व्हरांड्यात, सरांच्या खुर्चीसमोर! का तर म्हणे चोरी होऊ नये. आता आठवीतली कुठली मुलगी तिथे जाऊन नाणं टाकणारे? मशीन भरलेलंच राहिलं आणि मीटिंगमध्ये 'मुलींना गरजच नाही' असं निघालं. इकडे "बाई, पोटात दुखतंय, घरी जाऊ?" चालूच. शेवटी भांडून ते मुलींच्या बाथरूममध्ये आत हलवून घेतलं, तेव्हा कुठे रिकामं व्हायला लागलं.

किंमत मात्र मला अजून पटत नाही. 2018 मध्ये अस्मिता योजना आली तेव्हा झेडपीच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं अख्खं पाकीट पाच रुपयांत ठरलं होतं, जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 2019 पासून एक रुपयाला एक आहे, आणि इथे एकाला पाच! कंपनीवाला सांगतो आमचीच पॅड भरा, पण त्या मापाची दुसरी पण बसतात, आम्ही भरतो. शेजारी सुट्ट्या नाण्यांचा डबा ठेवलाय, जिच्याकडे नसेल तिने घ्यायचं, कोणी विचारत नाही.

जाळायचं मशीन मात्र पैसे वाया. ओलं पॅड लवकर जळत नाही, धूर होतो, वास वर्गापर्यंत. आणि धुराचं सोडा, मुली त्यात टाकतच नव्हत्या. विचारल्यावर एकजण हळूच म्हणाली, "आजी म्हणते ते जाळलं की पुढे मूल होत नाही." झालं, म्हणजे मशीन येण्याआधी हे बोलायला पाहिजे होतं, आणि ते कोणाच्या कोटेशनमध्ये नसतं. रक्त बाहेर आल्यावर त्याचा गर्भपिशवीशी काही संबंध राहत नाही एवढं साधं सांगायला पण आमच्याकडे कार्यक्रम घेतात आठवी-नववीचा, सहावीतल्या बऱ्याच जणींना तोवर पाळी सुरू झालेली असते त्यांचं काय? त्या बिचाऱ्या सकाळी लावलेलं पॅड संध्याकाळी घरी जाऊनच बदलतात, कमी जातंय म्हणून. कमी गेलं तरी चार-सहा तासांत बदलायचं, आधी आणि नंतर हात धुवायचे. पहिली एक-दोन वर्षं पाळी पुढेमागे होते, त्यात घाबरायचं नाही, पण सात दिवसांच्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. हे आता मीच लोहाच्या निळ्या गोळ्या वाटायच्या दिवशी सांगते, सहावीपासून सगळ्यांना.

सध्या जाळायचं मशीन बंद ठेवलंय, झाकणाची बादली आणि जुने पेपर ठेवलेत, गुंडाळून टाकायचं, आमच्या मावशी वेगळं काढून कचरा गाडीत देतात. दाराला कडी बसवली, नळाला पाणी येईल एवढं बघितलं. खरं तर कडी आणि पाणी या दोन गोष्टींचा फरक मशीनपेक्षा जास्त पडला, खर्च काहीच नाही त्या मानाने.

व्हेंडिंग मशीनला साडेतीन स्टार, जाळायच्याला एक. घ्यायच्या आधी सर्व्हिसचा माणूस कुठून येणार ते विचारा, आमचा पुण्याहून येतो आणि फोन केला की दरवेळी "याच आठवड्यात येतो मॅडम."