स्विफ्टच्या मागच्या स्प्रिंगा : घरी बदलल्या, पैसा वसूल

गावी जाताना मागे तिघं आणि डिकीत तांदळाचं पोतं असलं की आमच्या जुन्या स्विफ्टचं बूड पार खाली बसायचं, स्पीडब्रेकरला खालून घासायची, म्हणून मारुतीच्या जेन्युइन मागच्या स्प्रिंगा घेतल्या, जोडीच घ्या, एकच बदलली तर गाडी एका बाजूला कलते. सोबत वरखालचे रबरसीट पण नवीन घ्या, जुने चिरलेलेच निघतात आणि मग कुईंकुईं आवाज येत राहतो.

या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) वेगवेगळे आहेत, त्यामुळे पुढच्यासारखा स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लागत नाही. पुढच्या चाकांना ओटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावा, बॉडी जॅकस्टँडवर (नुसत्या जॅकवर गाडीखाली अजिबात जायचं नाही, जीवाशी खेळ आहे), चाकं काढा, अ‍ॅक्सल बीमखाली (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) जॅक लावून दोन्ही शॉकअबचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू खाली सोडा, ब्रेकच्या होसवर (रबरी नळीवर) ताण येत नाही ना हे डोळ्यात तेल घालून बघा. स्प्रिंग हातानेच निघते. नवी बसवताना तिचं टोक सीटच्या खाचेला बरोबर टेकलं पाहिजे. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर शॉकअबच्या बोल्टाभोवतीचा रबरी बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

फिटिंग एकदम परफेक्ट, मागची उंची परत आली, भरल्या गाडीत घाटातल्या वळणावर मागचं डुलणं खूप कमी झालंय. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० (गंजलेले बोल्ट सैल करायचा स्प्रे) मारून ठेवा.