याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन: सोलापूरच्या उन्हात कसा चालतो

रस्त्यावर कृष्णधवल फिल्म चालवायला जुना जपानी रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) हवा असेल तर हा कॅमेरा डोळे झाकून सुचवावासा वाटतो, पण सोलापुरात त्यात फिल्म कोणती घालता यावर सगळं अवलंबून आहे. १९७३ चं मॉडेल, ४५ मिमी एफ/१.७ ची न निघणारी लेन्स. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, आपण लावायचं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. वेगाचा आकडा कुठेच दिसत नाही. पिवळा दिवा लागला तर वेग १/३० सेकंदापेक्षा मंद. लाल लागला तर उजेड १/५०० च्याही आवाक्याबाहेर.

आपल्या उन्हात हे १/५०० च आडवं येतं. ४०० आयएसओची फिल्म घातली (आकडा मोठा तितकी ती उजेडाला जास्त संवेदनशील) की नवी पेठेत भर दुपारी एफ/१६ शिवाय लाल दिवा विझत नाही, मग मागच्या पाट्या, वायरी, गाड्या सगळंच टोकदार येतं. इल्फर्ड एफपी४ प्लस ही कृष्णधवल फिल्म घाला. ती १२५ ची आहे, त्यामुळे कडक उन्हात एफ/८ आणि १/५०० बरोबर जुळतं. फोकस ३ मीटरवर ठेवला की साधारण सव्वादोन ते साडेचार मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. मंगळवार बाजारातल्या गर्दीत व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवत बसायची गरज उरत नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत याचा खरा उपयोग कळतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या (बंद बांधायचे सदरे). कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्याला भुलतो आणि लाल दिवा दाखवतो. दुपारच्या स्वच्छ उन्हात एफ/८ असेल तर त्या दिव्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. शटर १/५०० च्या पुढे जाऊच शकत नाही आणि तेच एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) बरोबर असतं. ऊन उतरल्यावर मात्र हा आडोसा राहत नाही. तेव्हा कॅमेऱ्याला फिल्मचा आकडा सांगणारी आयएसओची चकती १०० वरून ५० वर आणा, म्हणजे उजेड दुप्पट मिळतो, नाहीतर बाराबंद्या करड्या येतात.

विडी कामगारांच्या वस्तीत उंबऱ्यात बसून विड्या वळणारी बाई टिपायची (विचारूनच) तर अडचण उलटी असते. मीटरचा डोळा लेन्सच्या मागे नाही, कॅमेऱ्याच्या कपाळावर आहे. गल्लीतला उजेड त्याच्यावर पडला की मांडीवरच्या सुपातलं पान काळ्यात बुडतं. मीटर लॉक करायची सोय नाही, ही या कॅमेऱ्यातली सर्वांत मोठी उणीव. चकती एक-दोन पायऱ्या खाली आणणं एवढाच उपाय. पिवळा फिल्टर (५५ मिमी) लावलात तरी मीटरला ते कळत नाही, तिथेही एक पायरी खाली. शटरचा आवाज मात्र इतका बारीक की समोरच्याची मान वळत नाही.

वापरलेलाच मिळणार, तेव्हा हातात घेऊन तपासा. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढताना आतून ‘टक्’ आवाज आला पाहिजे. आला नाही तर आतला रबरी पॅड विरघळलेला असतो आणि वेग मनाला येईल तसे पडतात. बॅटरी घालून अंधाऱ्या खोलीत एफ/१६ वर दाबा: शटर काही सेकंद उघडं राहायला हवं. लगेच मिटलं तर घेऊ नका. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ अडॅप्टर लावून बसते, एक्स्पोजरमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही. बॅटरी संपली तरी शटर १/५०० वर चालतं, म्हणजे दुपारचं काम अडत नाही. मागच्या दाराचा फोम चिकट झालेला असतो. तो खरवडून खाचेत काळी लोकर बसवा, नाहीतर निगेटिव्हवर उजेडाचे पट्टे उमटतात.

एफपी४ घरी डेव्हलप करताना आयडी-११ हा डेव्हलपर १+१ (तेवढंच पाणी मिसळून) केल्यास २० अंशांना ११ मिनिटं लागतात. एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणीच तिशीच्या वर असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २४ अंशांवर आणा आणि सुमारे ८ मिनिटं द्या. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच्याच आसपास ठेवा. एकदम गरम पाणी लागलं तर जिलेटिनचा थर सुरकुततो, आणि ती सुरकुती कशानेच जात नाही.