गेम तयार आहे; आता तो आपण विकायचा की प्रकाशकाला द्यायचा?

गंगापूर रोडवरच्या एका खोलीत बसून आम्ही तिघांनी दोन गेम केले. पहिला स्वतः स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकला, दुसरा परदेशी प्रकाशकाला, म्हणजे दुसऱ्यांचे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला दिला. नाशिकमध्ये गेम करणारी पोरं भेटली की हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्वतः विकायचं तर सुरुवातीचा खर्च थोडा. स्टीमला एका गेमचे १०० डॉलर भरायचे. कमाई १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. विक्रीतले ३० टक्के त्यांचे. म्हणजे कर आणि परतावे बाजूला ठेवले, तर दहा डॉलरच्या गेममागे सात आपले. किंमत, सवलत, पुढचा भाग, सगळं आपल्या हातात. पण ट्रेलर कापणं, यूट्यूबवाल्यांना मेल टाकणं हेही आपणच करायचं. आम्ही स्टोअरचं पान गेम यायच्या जेमतेम तीन आठवडे आधी उघडलं. विशलिस्ट (गेम घ्यायचाय म्हणून लोक आधीच करून ठेवतात ती नोंद) जमायला वेळच उरला नाही, आणि दोन वर्षांची मेहनत पहिल्याच आठवड्यात मागे पडली. ते अजून सलतं.

प्रकाशकाचा खरा उपयोग मला पैशापेक्षा चाचणीत दिसला. त्यांच्या माणसांनी गेम जपानी भाषेत लावला, तर प्रत्येक संवादाच्या जागी नुसते चौकोन! आमच्या फाँटमध्ये ती अक्षरंच नव्हती. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तिसरी पातळी बंद पडते, हेही त्यांनीच शोधलं. कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या गेम खेळायच्या यंत्रावर) जायचं असेल तर ही मदत फार मोलाची.

आता करारातली उचल, म्हणजे प्रकाशक आधी देतो ते पैसे; पुढे ते कमाईतून वळते होतात. समजा २०,००० डॉलर उचल आणि नंतर निम्मा-निम्मा वाटा. प्रतीमागे वरचेच सात डॉलर धरा. उचल एकूण कमाईतून फिटणार असेल, तर साधारण २,८५७ प्रतींनंतर तुमचे पैसे सुरू होतात. फक्त तुमच्या वाट्यातून फिटणार असेल, तर ५,७१४ प्रतींनंतर. एका ओळीने दुप्पट फरक पडतो. जाहिरातीचा खर्चही आधी वळता करणार का, हे लिहून घ्या. दिंडोरीचा बागायतदार द्राक्षाचा प्लॉट देताना व्यापाऱ्याला पेमेंटची तारीख आधी विचारतो, तसं हिशेब कधी येणार ते ठरवा. आमचा हिशेब सहा महिने उशिरा आला आणि तपासायचा हक्क करारात नव्हता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' हा गेम आठवा. किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायची २०१७ ची मोहीम फसली, पण प्रकाशक मिळाल्यावर २०२० मध्ये गेम कन्सोलवरही आला. एरिक बॅरोनने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने केलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये चकलफिश या प्रकाशकाने काढला. २०१८ च्या अखेरीस बहुतेक ठिकाणचं प्रकाशन बॅरोनने स्वतःकडे घेतलं. टीम१७ ही गेम कंपनी तर त्याही पुढे गेली: तिचा १९९५ चा 'वर्म्स' ओशन या प्रकाशकाने काढला होता, आज टीम१७ स्वतःच इतरांचे गेम काढते.

माझं मत स्पष्ट आहे. सहा-आठ महिन्यांत होणारा छोटा पहिला गेम स्वतःच काढा, बाजार कळतो. घरखर्च थांबवून दोन वर्षं लागणार असतील किंवा कन्सोल हवाच असेल, तर प्रकाशक घ्या, पण गेमचे आणि पुढच्या भागाचे हक्क सोडू नका. आणि सही करण्याआधी त्या प्रकाशकाकडे गेम दिलेल्या दोन टीमना मेल करून एवढंच विचारा: पैसे कोणत्या महिन्यात आले?